खाडीपासून खाडीपर्यंत

तवसाळहून जयगडला जाणारी फेरीबोट सुटली की बहुतेक प्रवासी गाडीतच बसून राहतात. मी उतरून कठड्याशी उभी राहिले. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते, पण ते मिळणं शांतपणे होत नाही. ओहोटीचं पाणी बाहेर पडायची घाई करतं, समुद्राची लाट आत घुसू पाहते आणि दोघांची गाठ पडते तिथे पाणी जागच्या जागी उसळत राहतं. एवढ्या मोठ्या फेरीबोटीला त्याचं काही वाटत नाही. मी मात्र त्या पाण्याकडे दुसऱ्याच हिशेबाने बघत होते. सोळा फुटांची शिडाची होडी घेऊन इथे आत शिरायचं, तर कधी? कुठल्या अंगाने? भरतीच्या कितव्या तासाला?

हे वेड जुनं आहे. मुंबईच्या बंदरात शिडाची डिंगी चालवायला शिकले तेव्हापासून मनात एकच नकाशा आहे : मांडव्यापासून पणजीपर्यंत, किनारा नजरेआड होऊ न देता, खाडीपासून खाडीपर्यंत. रोज थोडं जायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा, गावात जेवायचं, सकाळी वारा बघून पुढे निघायचं. या खेपेला मी तीच वाट आधी जमिनीवरून पाहायला निघाले होते. प्रत्येक खाडीचं तोंड बघायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं, आणि ज्या ज्या गोष्टीची भीती वाटते तिची नीट ओळख करून घ्यायची.

महिना फेब्रुवारी होता. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेले असतात. किनाऱ्यावर चार दिवस राहिलं की ते अंगाला कळतात. दिवसभर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा भरून येतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे तोच खेळ उलटा होतो : सह्याद्रीकडून, काजूच्या आणि आंब्याच्या बागांवरून थंड वारा समुद्राकडे वाहू लागतो. मधल्या दोन-तीन तासांत काहीच हलत नाही. इंजीन नसलेली होडी या वेळापत्रकावर चालते. कोकणातली जुनी गलबतं, मचवे, पडाव हेच घड्याळ बघून निघत. दक्षिणेला जायचं तर दुपारचा वारा पाठीशी घ्यायचा. उत्तरेला परतायचं तर पहाटेचा वारा कुशीवर घेऊन किनाऱ्याच्या कडेने सरकायचं.

जयगडच्या बाजूला आता कोळशाची प्रचंड जहाजं लागतात. त्यांना थांबायला आणि वळायला किती पाणी लागतं हे ठाऊक असलेल्या माणसाला त्यांच्या वाटेत लहान होडी घालण्याचं धाडस होणार नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे होते, डिझेलचा आणि सुकटाचा वास एकत्र येत होता, आणि एवढ्या बोटींत शीड एकही नव्हतं. मी तिथे फार थांबले नाही.

विजयदुर्गला मात्र मुक्काम वाढला. लोक किल्ला बघतात आणि परततात. मला ओढ होती ती वाघोटनच्या खाडीत आत, गिर्ये गावाच्या हद्दीत असलेल्या मराठा आरमाराच्या गोदीची. खडक कोरून तयार केलेली ती जागा आज झाडोऱ्यात आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते उघडं पडायचं आणि मग सुतार त्याच्या पोटाशी काम करायचे. तिथे उभं राहिल्यावर आरमाराची सगळी बुद्धी लक्षात येते. आंग्रे, धुळप यांची गुराबं आणि गलबतं इंग्रजांच्या जहाजांपेक्षा लहान होती आणि तेच त्यांचं बळ होतं. त्यांचा तळ उथळ, म्हणून मोठं जहाज जिथे रुतेल त्या खाडीत ती सहज शिरत. वारा पडला तर वल्ही मारत. बाहेर दर्या बिघडला तर आत येऊन वाट बघत. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या आरमाराने, पेशव्यांच्या फौजेला सोबत घेऊन, तुळाजी आंग्रे यांचं आरमार इथेच जाळलं. त्या आगीत जहाजांबरोबर काय काय गेलं याचा विचार मी त्या गोदीच्या काठावर बराच वेळ करत बसले होते. आपल्याच माणसांनी त्या कामात हात लावावा याचं दुःख अडीचशेहून अधिक वर्षांनीही कमी होत नाही.

विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभराहून अधिक किलोमीटर आत, समुद्राखाली एक प्रवाळांचं पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून. माझ्या होडीची मजल तिथवर जाणार नाही. पण आपल्या माणसाचं नाव इतक्या खोल पाण्यात राहिलंय, हे कळल्यावर त्या दिशेला बघण्याची नजर बदलते.

देवगडचं बंदर ही या किनाऱ्यावरची फार मोठी सोय आहे. भूशिराच्या आडोशाला पाणी शांत राहतं, म्हणून वादळाची सूचना आली की गुजरातपासून तामिळनाडूपर्यंतच्या बोटी इथे आसऱ्याला येतात. धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या एका खलाशाशी गप्पा झाल्या. अकरा नोव्हेंबर 2009 चं फयान त्याने समुद्रात असताना अनुभवलेलं. तो त्याबद्दल फार बोलला नाही. ‘‘सकाळी निरभ्र होतं हो,’’ एवढंच म्हणाला आणि पुन्हा सुईत दोरा ओवला. त्यानंतर 2019 चं क्यार, 2020 चं निसर्ग, 2021 चं तौक्ते. अरबी समुद्रात वादळं वाढली आहेत हे शास्त्रज्ञ सांगतात, आणि धक्क्यावरच्या माणसांना ते वेगळं सांगावं लागत नाही. वादळांचे महिने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि मधला पावसाळा तर दर्या बंदच. त्यामुळे लहान होडीला उरतो तो डिसेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ. त्या खलाशाने मला हेच बोटांवर मोजून दाखवलं. त्याच्या मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज येतो, तो बघितल्याशिवाय तो निघत नाही. त्याच्या वडिलांच्या वेळी तिथी बघत. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची अंदाजे वेळ निघते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब तो आजही तोंडी करतो. पुण्यात आमच्या घरी तिथी फक्त उपासासाठी बघितली जायची. इथे तिच्यावर होडी तरते.

मालवणला पोचले तेव्हा दुपार होती आणि खारा वारा भरात होता. चिवल्याच्या बाजूला एका घरी उतरले. घरच्या काकूंना मी जेवायला काय आहे विचारलं, तर त्यांनी माझ्याकडेच नवलाने बघितलं. ‘‘बाजारात काय येता ता,’’ त्या म्हणाल्या. घाटावर आम्ही हॉटेलात बसून माशाचं नाव सांगतो. इथे मासा स्वतः ठरवतो. त्या दिवशी बांगडे आले होते, म्हणून तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि शेवटी सोलकढी. दुसऱ्या दिवशी मोरीचं मटण. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा. अशा पेजेवर माणूस दुपारपर्यंत वल्ही मारू शकतो, हे मी जिभेने आणि पोटाने मान्य केलं. होडीत शिधा काय घ्यायचा या माझ्या जुन्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

काकू रोज पहाटे लिलावाला जायच्या. मीही गेले. रापणीची होडी वाळूवर ओढलेली, टोपल्यांत अजून तडफडणारे पेडवे, आणि भोवती बायकांचा आवाज. दर त्या ठरवत होत्या, पैसे त्या मोजत होत्या, पुरुष बाजूला उभे राहून विडी ओढत होते. मी शिडाच्या होडीचं बोलले तेव्हा त्यांतल्या एकीने कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘‘एकटी?’’ मी हो म्हणाले. ती हसली नाही. ‘‘भाव आमी ठरवतंव, होडी तेवडी पुरुषांची,’’ म्हणाली आणि मग थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली. मला तिचा तो चेहरा फार आवडला.

सिंधुदुर्गला जाणाऱ्या होडीत बसलं की मालवणच्या पाण्याची खरी गंमत दिसते. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली ती केवळ बेट आहे म्हणून केली नसावी. भोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबर असलेले खडक हीच पहिली तटबंदी आहे. नावाडी सरळ जात नाही. डावीकडे एक खडक ओळखून ठेवायचा, पद्मगडाची रेघ पकडायची, मग वळायचं. विचारलं तर त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, हात मात्र बरोबर वळतो. माझ्यासारख्या परक्या माणसाला हे खडक म्हणजे मोठाच धोका. लाट फुटली तर दिसतात, समुद्र शांत असेल तर दिसत नाहीत. म्हणजे नेमक्या ज्या दिवशी निर्धास्त वाटावं त्या दिवशी जास्त जपायचं.

आणखीही धोके मी तिथे वहीत टिपले. रापणीच्या आणि गिलनेटच्या जाळ्यांत समुद्री साप सापडतात. चोचीसारख्या नाकाचा एक जहाल विषारी साप या भागात चांगलाच आढळतो, आणि आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषावरचं औषध त्याच्यावर चालत नाही. जाळी ओढणारे त्याला शेपटीला धरून शांतपणे परत पाण्यात सोडतात. उथळ वाळूत पाकट दडून बसतो, म्हणून होडीतून उतरताना पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत न्यायचा. रात्री तरंगती जाळी दिसत नाहीत आणि सुकाण्यात अडकतात. ऊन तर सगळ्यांत कपटी. वाऱ्यामुळे ते जाणवत नाही आणि संध्याकाळी माणूस आडवा होतो. एवढं सगळं लिहिल्यावरही माझी ओढ कमी झाली नाही. पाणी वर्षभर कोमट असतं, किनारा दिसत असतो, दर काही कोसांवर आत शिरायला खाडी असते. जगात शिडाची होडी शिकायला याहून उदार समुद्र फार थोडे असतील असं मला मनापासून वाटतं.

देवबागला कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगणात उभं राहून दोन्ही पाणी ऐकू येतात. कर्लीच्या तोंडाशी वाळू सतत जागा बदलते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या एका वाळूच्या बेटावर हल्ली पर्यटकांची झुंबड असते, जेटस्की फिरतात. तिथून थोडं आत, माडांच्या सावलीत, मला हवं होतं ते सापडलं : उलांडी लावलेली लाकडी होडी आणि तिच्या डोलकाठीला गुंडाळलेलं जुनं सुती शीड.

तिचे मालक सत्तरीचे तांडेल. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणू लागले. तरुणपणी ते शिडाच्या पडावावर होते. मंगळुरी कौलं, लाकूड, मीठ अशी भरताड घेऊन किनाऱ्याने वर मुंबईपर्यंत जात. आगबोटी होत्या त्या काळी मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं उतरवून आणायला लहान पडाव जात. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी उडी मारायची, असं म्हातारे-कोतारे, पोरंबाळं सगळी करत. कोकणातल्या एका अख्ख्या पिढीने समुद्राशी असा रोजचा व्यवहार केला. मग रस्ते आले, आगबोट बंद झाली, होड्यांना इंजिनं लागली, आणि शिडं गेली. इंजिनाने मच्छीमाराचा जीव वाचवला, त्याचे हात वाचवले, त्याबद्दल तक्रार करण्याचा मला काहीच अधिकार नाही. पण वारा वाचायची विद्या आबांच्या वयाच्या माणसांबरोबर चालली आहे, आणि शाळेत 720 किलोमीटर म्हणून पाठ केलेल्या आपल्या किनाऱ्यावर मुलांना शीड शिकवणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. हे मला सहन होत नाही.

आबांनी मला दुसऱ्या दिवशी पहाटे बोलावलं. अंधार होता, थंडी होती, माडांतून मतलई वारा खाली येत होता. त्यांनी शीड सोडलं आणि होडी आवाज न करता निघाली. डिंगीवर मी शिकले ते सगळं ॲल्युमिनियमच्या काठ्या, पुल्या आणि क्लीट यांच्या भाषेत. इथे एक दोरी आणि एक सुकाणू. दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. मी शिडाकडे बघून ती ओढत-सोडत होते, तर म्हणाले, ‘‘शिडाक बगू नको बाय. कपाळार वारो घे.’’ डोळे मिटून बसले. कपाळाच्या उजव्या बाजूला गार लागत होतं, मग मध्यावर आलं, आणि त्याच क्षणी शीड फडफडलं. त्यानंतर दोरी आपोआप योग्य वेळी हलू लागली.

खाडीच्या तोंडाजवळ आलो तेव्हा उजाडलं होतं. वाळूच्या बांधावर लाटा फुटत होत्या. भरती अजून पुरती झाली नव्हती. बाहेर, निवतीच्या दिशेने, समुद्र सपाट आणि निळा पसरलेला. मला इतकं जावंसं वाटत होतं की हात सुकाण्याकडे गेला. आबांनी मान हलवली आणि होडी वळवली.

‘‘तुम्हाला अजून भीती वाटते?’’ मी विचारलं.

‘‘भिया वाटता म्हणान तर जितो आसंय.’’

परत येताना त्यांनी मला बांधावरून जायची रीत समजावली. भरतीचं शेवटचं पाणी असताना निघायचं. लाटा आधी मोजायच्या, कारण मोठ्या लाटा जथ्याने येतात आणि त्यानंतर थोडी फट मिळते. एकदा शिरलं की मागे फिरायचं नाही, आडवं तर मुळीच व्हायचं नाही. हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. मग दहाच्या सुमाराला वारा पडला आणि आम्ही वल्ही मारत घरी आलो. आबांच्या सूनबाईंनी घावणे आणि रसातल्या शेवया वाढल्या. माझे तळहात सोलवटले होते. त्यांनी न विचारता खोबरेल तेल आणून दिलं.

वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीच्या पडक्या भिंती बघितल्या, बंदरावरच्या टेकडीवर चढले. दूरवर वेंगुर्ला रॉक्सचे काळे खडक आणि दीपगृह दिसत होतं. त्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या लाळेची घरटी करतात. सगळा दिवस त्या बाहेर उडतात आणि अंधारात गुहेत परततात. नकाशावर मी त्या खडकांभोवती लाल वर्तुळ काढलं, कारण तिथे प्रवाह जोराचे आहेत असं आबांनी बजावलं होतं.

तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात शिरलं की भरती-ओहोटीचा जोर कमी झालेला जाणवतो. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्यात जेमतेम दोन. मांडवीच्या तोंडाशी मात्र तीच जुनी गोष्ट : आग्वादचा वाळूचा बांध. पावसाळ्यात तिथल्या लाटा इतक्या बिकट होतात की खनिजाच्या बार्जसुद्धा ती वाट सोडून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत जात. एवढ्या मोठ्या बार्ज जिथे मान तुकवतात तिथे होडीने तुकवण्यात कमीपणा कसला?

पणजीहून दिवाडी बेटाकडे गेले. या बेटावरच्या बोटयार्डात म्हादेई बांधली गेली. तीच छप्पन्न फुटी शिडाची बोट घेऊन कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीला वळसा घालून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. तारिणीही इथलीच. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या, आणि 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच. लिलावात कमरेवर हात ठेवून मला प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईला मी हे सांगायला हवं होतं, असं तिथे वाटलं. नंतर मालवणच्या काकूंना फोन करून निरोप दिला. माझं स्वप्न मात्र म्हादेईचं नाही. मला दक्षिणेचे चाळीस फुटी लाटांचे महासागर नकोत. मला संध्याकाळी चुलीचा धूर दिसेल इतका जवळचा समुद्र हवा, आणि तो माझ्या हातांना ओळखीचा व्हायला हवा.

पणजीला असतानाच आबांना फोन लावला. ठरलं ते असं : दिवाळीनंतर वादळांचे दिवस सरू द्यायचे आणि डिसेंबरच्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे प्रवाह मंद असताना, मी देवबागला यायचं. पहिली खेप फक्त देवबाग ते निवती. जाताना दुपारचा वारा, येताना दुसऱ्या पहाटेचा. होडी त्यांची, पण डोलकाठीला नवी काठी आणि शिडाला नवं कापड मी आणायचं. एक रेडिओ, दोन दिवसांचं पाणी, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक होडीच्या आतल्या फळीवर रंगाने लिहून घ्यायचा. बांधावरून बाहेर पडायचं की नाही याचा शेवटचा शब्द आबांचा, त्यावर मी वाद घालायचा नाही. माझी अट एकच होती, जीवरक्षक जाकीट दोघांनीही घालायचं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते अंगाला लावलेलं नाही. ‘‘बगूया,’’ म्हणाले. मी दोन घेऊन ठेवली आहेत.